ओल्या हाताची चिंच

खाणावळवालीने बरणी ओट्यावर ठेवली नाही, आदळली. चिनी मातीची मोठी बरणी, फुटली नाही हेच नशीब. गवंडी तेव्हा आपल्याच घराच्या खालच्या पायरीचा निघालेला कोपरा सिमेंटने भरत बसला होता. बरणी बघितली आणि त्याची थापी हातातच राहिली.

"सूनबाई! अगं ए सूनबाई! बाहेर ये आणि आपल्या हातची कारागिरी बघ."

गवंड्याची सून हात पुसत बाहेर आली. खाणावळवालीने बरणीच्या तोंडाला बांधलेला कापडी दादरा सोडला, ओट्यावर रद्दीचा कागद पसरला आणि बरणी त्यावर उपडी केली. चिंचेचा गोळा धपकन पडला. त्यातून तपकिरी किडे निघाले आणि कागदाच्या चारी बाजूंना पळत सुटले. गोळा फुटला तिथे आत चिंचोके दिसत होते. एकेका चिंचोक्याला सुईने पाडावं तसं गोल भोक.

"वरती दोन बोटं साफ गर, आणि खाली हे. चिंचोके, शिरा, टरफलंसुद्धा! काल गिऱ्हाईकाच्या ताटात किडा निघाला माझ्या. वीस वर्षं खाणावळ चालवते, आजवर असं झालं नव्हतं. चिंच भरून द्यायची म्हणून आठवा हिस्सा मोजून घेता ना तुम्ही? आमचा चांगला गर तुमच्या घरात आणि आम्हाला हा उकिरडा?"

खाणावळवालीचं बोलणं खोटं नव्हतं. गल्लीतल्या घरांची चिंच गवंड्याच्या घरी यायची ती त्याच्या बायकोच्या हातामुळे. तिला सगळी बरणीवाली म्हणत. चिंच फोडून ती एकेक चिंचोका काढायची, कारण कीड बाहेरून येत नाही, चिंचोक्यातूनच निघते, असं तिचं म्हणणं. शिरा ओढायची. गर दोन दिवस उन्हात, बरणी तीन दिवस उन्हात, जाडं मीठ तव्यावर कोरडं करून घ्यायचं. मग तळाला मीठ, त्यावर गर, मुठीने दाबून पुन्हा मीठ, असे थर. वर बोटभर मीठ आणि घट्ट दादरा. हाताला चिंच चिकटायला लागली की ती हातावर मीठ चोळायची, पाणी कधी लावायची नाही. "चिंचेला पाणी म्हणजे वैरी," म्हणायची. तिची बरणी तीन तीन वर्षं टिकायची. लोक जुनी बरणी संपवून मग नवी उघडत, म्हणून गेल्या उन्हाळ्यातली बरणी आता वर्षाने उघडली होती. गेल्या उन्हाळ्यातच बरणीवाली गेली.

"बोल की आता. का मुंग्या आल्या तोंडाला?"

सून किड्यांकडे बघत होती. मग खाली मान घालून म्हणाली, "मावशी, ती मीच भरली होती."

गवंड्याने मान वर केली.

"तू? तू तर तेव्हा माहेरी होतीस ना?"

"जायच्या आधी भरली. आईचा पाय मोडल्याचा निरोप आला, घाईत होते. चुकलं माझं."

"चुकलं म्हणे! सासूने जाता जाता हात शिकवला असेल वाटलं होतं. गवंडीदादा, तुम्ही तरी लक्ष द्यायचं."

गवंडी पायरीकडे वळला. थापीवरचा माल सुकत चालला होता. त्याने तो पायरीवर मारला, तर तो धरेना.

सुनेने ती बरणी भरली नव्हती. बरणीवालीनेही नव्हती. ती, आणि तिच्यासारख्या आणखी दोन, गवंड्याने स्वतः भरल्या होत्या.

*

राहिलेल्या दोन बरण्यांपैकी एक होती इस्त्रीवालीकडे, दुसरी मास्तरीणबाईंकडे. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर गवंडी भर उन्हात इस्त्रीवालीकडे गेला. तिने बरणी उघडली नसली तर उचलून आणायची आणि कुठेतरी लांब रिकामी करायची, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

"काय गवंडीदादा, उन्हाचे कुठे निघालात? आमची भिंत पडली की काय?"

"भिंत नाही. ती बरणी, मागच्या सालची. ती दे. बदलून देतो."

"बदलून? चिंच म्हणजे काय चप्पल आहे, मापात बसली नाही म्हणून बदलायला?" इस्त्रीवाली हसली. मग हसता हसता थांबली. "थांबा. खाणावळवाली काल बोंबलत होती ते खरं तर नाही?"

तिने इस्त्री उभी केली, आतून बरणी आणली आणि त्याच्यासमोरच दादरा सोडला. लाकडी पळी आत खुपसून वर काढली. पळीबरोबर किडे आले. एक तिच्या मनगटावर चढला. तिने किंचाळून हात झटकला.

"अगं बाई गं! हे काय झालंय! तुमची बरणीवाली असती तर हे बघून जेवली नसती दोन दिवस. खरं सांगा दादा, तुमच्या सुनेचंच काम ना हे?"

गवंड्याने तोंड उघडलं. नाही म्हणायचं होतं. नाही म्हटलं की पुढचं सगळं सांगावं लागलं असतं.

"नव्या पोरी," तो म्हणाला. "घाई असते त्यांना."

"तेच म्हणते मी. यंदा माझी चिंच सुताराच्या बहिणीकडे देते. वाईट वाटून घेऊ नका."

तो बरणी खांद्यावर घेऊन निघाला. दादरा नीट बांधला गेला नव्हता. किडे त्याच्या मानेवर उतरले, कॉलरमध्ये शिरले. एका हाताने ते झटकता आले असते. त्याने झटकले नाहीत. तसाच चालत घरी आला.

सुनेने दुसरी बरणी बघितली आणि काही न विचारता ती मागच्या अंगणात नेऊन रिकामी केली. पाण्याने खळबळून, राखेने घासून पहिल्या बरणीशेजारी उपडी घातली. त्याच्या मानेवर लाल पुरळ आलं होतं, त्याला लावायला तेल आणून दिलं.

"इस्त्रीवालीला काय सांगितलंत, मामा?"

"काही नाही."

"मीच भरल्या म्हणूनच सांगा. तिसरीही उघडली तर तेच सांगा."

"पण का? तू कशाला ओढवून घेतेस?"

सून त्याच्यापासून जरा लांब, उंबऱ्यावर बसली. तिचा नवरा ट्रकवर, पंधरा पंधरा दिवस बाहेर. घरात बोलायला ही दोघंच. तरी एवढं लांबलचक ती त्याच्याशी कधी बोलली नव्हती.

"मी माहेरी निघाले तेव्हा आत्याबाईंचा डावा हात दुखत होता. खांदा भरून येतो म्हणाल्या. मी म्हटलं, राहते मी, ढीग मोठा आहे. तर म्हणाल्या, तुझी आई पाय मोडून पडलीय आणि तू चिंच कसली फोडतेस, जा. तशा हाताने त्यांनी चिंचोके कसे काढायचे? भरल्या असतील तशाच. चाळीस वर्षांत एकदा. त्या एकदावरून लोकांनी त्यांना नावं का ठेवायची? मला अजून चाळीस वर्षं आहेत. माझ्यावरचा डाग निघेल."

गवंडी तेलाची वाटी धरून बसला. "यंदाची चिंच मिळाली नाही तर?"

"एकदोन घरं तरी देतील. दिली की मी दाखवीन त्यांना. त्यांनी मला सगळं शिकवलंय, मामा. सगळं. दुसरं काय येतं मला?"

ती उठून आत गेली. वाटीतलं तेल कधी कलंडलं ते त्याला कळलं नाही. बोटं तेलकट झाली तेव्हा कळलं.

*

त्याच्या कामाच्या सामानाची एक खोली मागे होती. सिमेंटची पोती, चाळण, घमेली, ओळंबा. तिथे दुसरं कुणी जात नसे. गेल्या उन्हाळ्यात तीन घरांची चिंच पंधरा दिवस त्याच खोलीत होती, पोत्यावर तशीच पसरलेली. थोडी फोडलेली, बाकीची नाही. घरात पाहुण्यांची वर्दळ होती तोवर त्याने त्या खोलीची कडी काढली नाही. पाहुणे गेले, सून आईचं बघायला पुन्हा चार दिवस माहेरी गेली, मुलगा गाडीवर गेला. मग एका दुपारी तो आत गेला आणि त्या ढिगासमोर बसला.

ढीग संपवायचा, एवढंच त्याला कळत होतं. फोडायला त्याच्याच्याने बत्ता धरवेना. बत्त्याच्या दांड्याला बायकोने गुंडाळलेलं फडकं होतं. म्हणून त्याने चिंच तशीच बरणीत कोंबली. हाताला चिकटायला लागली तशी शेजारच्या पाण्याच्या घमेल्यात हात बुडवला. माल चिकटला की गवंडी हात ओला करतो. जन्मभर तेच केलेलं, हातांनी आपोआप केलं. मीठ ओतलं. पुन्हा चिंच, पुन्हा घमेलं. तिने साफ केलेला गर वरती पसरला आणि थापीने सारखा केला, गिलावा करावा तसा. वर मीठ, दादरा. तीन बरण्या. नंतर त्याने त्या ज्याच्या त्याच्या घरी पोचवल्या.

सून परत आली तेव्हा तिने विचारलं, "चिंच राहिली होती ना तीन घरांची?"

"तुझ्या सासूने भरून ठेवली होती," तो म्हणाला. "जायच्या आधीच."

सून तोंडाला हात लावून रडली होती. "शेवटपर्यंत कुणाचं काही ठेवलं नाही बघा," म्हणाली होती.

*

गल्लीच्या टोकाला चिंचेचं झाड होतं, सगळ्यांचं मिळून. चिंच पाडायला सुरुवात झाली तशी सुनेने अंगण झाडून घेतलं. पोती झटकून पसरली. बरण्या उन्हात उपड्या घातल्या, दर तासाला सावलीतून सरकवून उन्हात आणल्या. मीठ तव्यावर परतलं, चटचट आवाज थांबेपर्यंत. दादरे उकळून वाळत घातले. मग फाटकाकडे तोंड करून निवडायला धान्य घेऊन बसली.

पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. झाडाकडून काठ्यांचा आवाज येत होता, चिंचा पडल्याचा सडसड आवाज येत होता. दुसऱ्या दिवशीही कुणी आलं नाही. दोन बायका पाठीवर गाठोडी घेऊन फाटकावरून गेल्या. एकीने आत बघितलं आणि उगाच पायातला खडा काढायला वाकली.

"येतील," सून म्हणाली. "आधी वाळवत असतील."

संध्याकाळी तिने मीठ पुन्हा डब्यात भरलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बाहेर पसरलं. ते बघून गवंडी उठला. त्याने आपली सामानाची पिशवी खांद्याला लावली.

"कामाला निघालात? जेवून जा."

"येतो," तो म्हणाला.

झाडाखाली सातआठ बायका चिंचा गोळा करत होत्या. खाणावळवाली पोत्यावर बसून टरफलं सोलत होती. सुताराची बहीण दोन पोती भरून तोंड शिवायच्या तयारीत होती. गवंडी आला तशी बोलणी थांबली.

"मास्तरीणबाई," तो म्हणाला, "तुमच्याकडची मागच्या सालची बरणी उघडली का?"

"नाही बाई. धीरच होत नाही."

"घेऊन या. पण उघडू नका."

मास्तरीणबाईंचं घर समोरच होतं. बरणी आली. गवंड्याने ती पोत्यावर ठेवली आणि दादऱ्यावर हात ठेवून उभा राहिला. गिऱ्हाइकासमोर भिंत का पडली ते सांगायला उभा राहावा तसा.

"आत काय आहे ते आधी सांगतो. वरती दोन बोटं साफ गर. तो सपाट आहे, कोब्यासारखा. त्यावर उजवीकडून डावीकडे एक बारीक रेघ आहे. खाली सगळी चिंच न फोडलेली." त्याने पिशवीतून थापी काढली. तिचा एक टवका उडालेला होता. "रेघ याची."

खाणावळवालीने दादरा सोडला. वरचं मीठ पाझरून गेलं होतं. खालचा गर काळा पडला होता, पण सपाट होता, आणि त्यावर रेघ होती. तिने थापी घेऊन टवका रेघेवर धरून बघितला.

"थापी? चिंचेला?" कुणीतरी फिसकन हसलं.

"मला दुसरं काय येतं? हात ओले करून भरली मी. तिन्ही बरण्या मी भरल्या. सुनेने नाही. तिच्या सासूने तर नाहीच नाही."

"मग ती पोर 'मीच भरली' असं का बोलली?"

"तिला वाटलं, सासूने भरल्या. मीच तिला तसं सांगितलं होतं. सासूचं नाव जाऊ नये म्हणून तिने आपलं पुढे केलं." तो इस्त्रीवालीकडे वळला. "आणि तू मला विचारलंस तेव्हा मी तिच्यावर ढकललं."

इस्त्रीवालीने दुसरीकडे बघितलं.

"पण गवंडीदादा," मास्तरीणबाई म्हणाल्या, "बरणीवाली गेल्या त्या दिवशी तुमची हाक ऐकून सगळ्यात आधी मी आले. मधल्या खोलीत त्या एकट्याच पडल्या होत्या. चिंच नव्हती कुठे. एक चिंचोकासुद्धा नव्हता. म्हणून आम्हालाही वाटलं, त्यांनी सगळं उरकलं होतं."

एवढ्यावर थांबता आलं असतं. 'मी आधीच भरून टाकली होती,' म्हटलं असतं तर कुणी खोदून विचारलं नसतं. गवंड्याने थापी पिशवीत घातली. पुन्हा बाहेर काढली.

"ती ढिगावरच पडली होती," तो म्हणाला. "बत्ता हातात होता. मी आत आलो, तिला बघितलं, आणि आधी ढीग ओढला. पोत्याची टोकं धरून, तिच्या अंगाखालून. माझ्या सामानाच्या खोलीत नेला, कडी लावली. परत येऊन सांडलेले चिंचोके वेचले. मग तुम्हाला हाक मारली."

"का?"

"तुम्ही म्हणाला असता, दुखऱ्या हाताच्या बाईला कामाला बसवलं. सकाळीच तिने सांगितलं होतं, हात जड झालाय, डॉक्टरला दाखवून येऊ. मी म्हटलं, एवढा ढीग उरकू दे, मग दाखवू."

खाणावळवालीच्या हातातलं टरफल तसंच राहिलं. तिने खालच्या आवाजात विचारलं, "तुम्ही आत आलात तेव्हा श्वास होता तिला?"

"मी बघितलं नाही," गवंडी म्हणाला. "मी आधी ढीग बघितला."

वरून एक चिंच आपोआप गळून पडली. मग मास्तरीणबाईंनी त्याच्या मागे बघितलं, म्हणून तोही वळला. सून उभी होती. जेवायला बोलवायला आली होती. तिने त्याच्याकडे बघितलं आणि पाठ फिरवून चालायला लागली.

*

तो दुपारभर घराबाहेर, पायरीवर बसून राहिला. आत जायची हिंमत होईना. सुनेने ताट आणून शेजारी ठेवलं आणि आत गेली. त्याने ते खाल्लं नाही, पण माश्या बसू नयेत म्हणून झाकून ठेवलं.

उन्हं कलल्यावर खाणावळवाली आली. डोक्यावर पोतं. त्याला ओलांडून आत गेली, त्याच्याकडे न बघता. "सूनबाई, आधी माझी हं," तिचा आवाज आला. "आणि त्या दिवशी बोलले ते..."

"राहू दे मावशी."

खाणावळवाली परत जातानाही त्याला तशीच ओलांडून गेली. तेही बरोबरच होतं.

तो आत आला. सुनेने मधल्या खोलीत पोतं पसरलं होतं. त्याच जागी. सपाट दगड, बत्ता, दांड्याला तेच फडकं.

"इथे?" त्याच्या तोंडून निघालं.

"इथेच. खिडकीचं ऊन इथेच येतं." ती चिंच ओतत होती. पाठमोरीच बोलली, "वर्षभर मी मनातल्या मनात त्यांना माफ करत होते, मामा. तशा बरण्या भरल्या म्हणून. त्यांनी काही केलंच नव्हतं आणि मी माफ करत होते."

तो बाहेर जाऊन हात धुऊन आला आणि ढिगाच्या पलीकडे बसायला लागला.

"धुतलेत?"

"हो."

"मग बसू नका. आधी पुसा. मग वाळू द्या. मग बसा."

त्याने हात पुसले. खिडकीत उन्हात धरले. चुन्याने आणि सिमेंटने खाल्लेले हात, बोटांच्या पेरांवर भेगा. वाळले तसा तो बसला. सुनेने त्याच्या तळहातावर मूठभर मीठ ओतलं.

"चोळा."

त्याने चोळलं. भेगांत मीठ गेलं आणि डोळ्यांत पाणी आलं.

"झोंबतंय?"

"हो."

"त्यांनाही झोंबायचं."

तिने बत्ता त्याच्या हातात दिला. चिंच दगडावर कशी उभी धरायची, कुठे मारायचं, एकदाच दाखवलं. पहिला फटका बोटावर बसला. दुसऱ्याला चिंच चेचली, चिंचोका आतच. पाचव्यासहाव्याला एक चिंचोका टप्पकन उडून भिंतीशी गेला. तो रांगत जाऊन उचलून आला. चाळीस वर्षं हा आवाज त्याने बाहेरून ऐकला होता, आणि कधी कधी म्हटलं होतं, जरा हळू वाजव.

खूप वेळ दोघं फोडत राहिली. तिच्या बाजूला गराची रास झाली, त्याच्या बाजूला ओंजळभर. मनगट भरून आलं, मग कोपर, मग खांदा. बत्ता डाव्या हातात घेतला, पुन्हा उजव्यात घेतला.

सुनेने मान वर केली.

"मामा, हात दुखायला लागला ना?"

"नाही. होऊ दे एवढं."

"दुखत असेल तर उठा," ती पुढची चिंच उचलत म्हणाली. "ढीग कुठे पळून जातोय?"

गवंडी तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने बत्ता दगडाशेजारी ठेवला. ठेवताना आवाजसुद्धा झाला नाही. गुडघ्यावर हात टेकून तो उठला. एवढंच करायचं असतं. उठायला किती कमी वेळ लागला.